लालबागचा मतदारसंघ नक्की कोणता? (१९५२ ते २०२४)

लालबागकर७४

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी लिहिलं होतं की दक्षिण मध्य मुंबईतला शिवसेनेचा बालेकिल्ला २००९ साली ढासळला आणि मोहन रावल्यांनी पाच वेळा राखलेली जागा काँग्रेसच्या एकनाथ गायकवाडांनी हिसकावून घेतली. दोघा-तिघांनी खाली माना डोलावल्या होत्या. उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

असं काही घडलेलंच नाही. रावले २००९ला गायकवाडांसमोर उभेच नव्हते. ते उभे होते दक्षिण मुंबईत, काँग्रेसच्या मिलिंद देवरांसमोर, आणि तिथे तिसरे आले. २००४ची दक्षिण मध्य मुंबई म्हणजे परळ, शिवडी, वरळी, चिंचपोकळी, नागपाडा आणि माझगाव. २००९ची दक्षिण मध्य मुंबई म्हणजे धारावी, माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्तीनगर. दोन्हींत एकही विधानसभा मतदारसंघ सामाईक नाही. पाटी उचलून दुसऱ्या दारावर लावली, एवढंच झालं. खासदारांची यादी वरून खाली वाचत गेलं तर हे कळतच नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की पाटीचा इतिहास लिहू नका, जमिनीचा लिहा.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, आजीमुळे कळलं. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली. आजी लग्न होऊन त्या खोलीत आली ती २०१५ साली गेली तोवर तिथेच. निवडणुकीच्या आदल्या दिवशी कार्यकर्ते वाटून जातात त्या मतदार स्लिपा ती टाकून द्यायची नाही, पोथीत खुणेला ठेवायची. ती गेल्यावर पोथी उघडली तर अध्यायाअध्यायाला स्लिपा. सगळ्यात जुनी १९७७ची, कडा तपकिरी पडलेल्या, घडीवर शाई पुसटलेली. नाव तेच, खोली नंबर तोच, चाळ तीच. वरती मतदारसंघ मात्र १९७७ला 'मुंबई दक्षिण मध्य' आणि २००९ला 'मुंबई दक्षिण'. त्याआधीचं तिच्या तोंडून ऐकलेलं. बाईने खोली सोडली नाही, पण तिचा मतदारसंघ आयुष्यभर बदलत राहिला.

आता सुरुवातीपासून.

१९५२ला हा भाग 'मुंबई शहर उत्तर' या द्विसदस्य मतदारसंघात होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्यांच्याशी युती करून सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. समोर काँग्रेसचे वि. बा. गांधी आणि नारायण काजरोळकर. कम्युनिस्टांकडून डांगे. निकाल सगळ्यांना माहीत आहे, काँग्रेसने दोन्ही जागा घेतल्या. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. देशाची घटना ज्यांनी लिहिली ते पहिल्याच लोकसभा निवडणुकीत १४,५६१ मतांनी पडले, आणि ते इथे, गिरणीकामगारांच्या मुंबईत पडले. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

त्या मतदानाची आजीची आठवण अगदी बारीक होती. आतमध्ये पडद्यामागे पेट्या मांडलेल्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर चित्र डकवलेलं. शिक्का मारायचाच नव्हता, कागद पेटीत टाकायचा. तिला दोन कागद दिले होते. "एक हत्तीच्या पेटीत टाकला," एवढंच ती सांगायची (हत्ती ही फेडरेशनची निशाणी). दुसरा कुठे टाकला ते तिने आजोबांनाही सांगितलं नाही. आजोबा लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्टांकडचे होते.

निवडणुकीनंतर आंबेडकर आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक याचिका केली. राखीव जागेचं मत कुजवा, असा प्रचार डांगे यांच्या बाजूने झाला, ही त्यातली मोठी तक्रार. याचिका फेटाळली गेली.

आणि मग १९५७! पाच वर्षांत सगळं फिरलं. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट आणि फेडरेशन एकाच मांडवाखाली आले. शहर उत्तरमधून 'मुंबई शहर मध्य' वेगळा निघाला, तोही द्विसदस्य. तिथून सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे जी. के. माने, दोघेही निवडून आले. १९५२ला एकमेकांची मतं कुजवल्याचे आरोप झाले होते आणि १९५७ला त्याच गल्ल्यांतून एकाच घरातली दोन मतं डांगे-मानेंना एकत्र पडली. बाबासाहेब हे बघायला नव्हते, ६ डिसेंबर १९५६ला ते गेले होते. दक्षिणेत स. का. पाटील आणि उत्तरेत कृष्ण मेनन काँग्रेसकडून आले, म्हणजे मुंबई शहरात समितीचा खरा जोर होता तो या मधल्या पट्ट्यात. आजोबा दिवसपाळी सुटली की आंघोळ न करता, डोक्यातली तूस तशीच घेऊन सभेला जायचे.

द्विसदस्य पद्धत १९६१ला गेली. १९६२ला गिरणगाव दोन मतदारसंघांत विभागलं गेलं, मध्य-दक्षिण आणि मध्य-उत्तर. दोन्हीकडे काँग्रेस (पुन्हा तेच वि. बा. गांधी आणि काजरोळकर). १९६७ला मध्य-दक्षिणमधून डांगे परतले आणि मध्य मुंबईतून काँग्रेसचे आर. डी. भंडारे. १९७१ला इंदिरा लाटेत दोन्ही काँग्रेसकडे.

१९७०ची एक विधानसभा पोटनिवडणूक इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. ५ जून १९७०ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीला त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि त्यांना हरवून शिवसेनेचे वामनराव महाडिक आले. शिवसेनेचा पहिला आमदार लालबाग-परळने दिला, आणि तोही लाल बावट्याच्या जागेवर. आमच्या चाळीत त्या वर्षी दोन भावांची चूल वेगळी झाली, असं आजी सांगायची.

१९७७ला नवी आखणी आली, मुंबईत सहा मतदारसंघ झाले, आणि आपला झाला दक्षिण मध्य. पहिले खासदार रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे. १९८०ला काँग्रेस (आय)चे आर. आर. भोळे.

आणि १९८४, गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत. इंदिराजींच्या हत्येनंतरची निवडणूक, महाराष्ट्रात ४८पैकी ४३ जागा काँग्रेसला. मुंबईतल्या सहापैकी पाच काँग्रेसला. एकटं गिरणगाव अपक्षाच्या मागे उभं राहिलं. तेसुद्धा कधी? १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला संप हातातून गेल्यावर. अडीच लाख कामगार बाहेर पडले होते, निम्म्यांना परत कामावर घेणार की नाही याचा पत्ता नव्हता. घरातली भांडी विकून झाली होती. माझे वडील बदली कामगार होते, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलंच नाही, त्यांचं बदली कार्ड आजही आमच्याकडे आहे. लोक म्हणतात डॉक्टरांनी कामगार बुडवला. ज्यांचं बुडालं त्यांनी डॉक्टरांना दिल्लीला पाठवलं, ही गोष्ट मग कुठे बसवायची? मला त्यात एकच अर्थ दिसतो. संप हरला तरी मागणी खोटी नव्हती, हे सांगायला लोकांकडे दुसरी जागा उरली नव्हती.

१९८९ला तेच वामनराव महाडिक शिवसेनेचे खासदार झाले. १९९१पासून मोहन रावले, १९९६, १९९८, १९९९ आणि २००४. लाल बावट्याच्या घरातली मुलं धनुष्यबाणाकडे गेली, घरं तीच. रावल्यांना लोक 'परळ ब्रँड' म्हणायचे ते उगाच नाही.

मग २००८ची पुनर्रचना. परळ, चिंचपोकळी, माझगाव आणि नागपाडा ही नावं नकाशावरून गेली. वरळी, शिवडी आणि नवी भायखळा यांना कुलाबा, मलबार हिल, मुंबादेवीला जोडलं. 'दक्षिण मध्य' हे नाव गेलं धारावीला. आजीची २००९ची स्लिप आली तेव्हा तिने चष्मा काढून पुन्हा लावला आणि विचारलं, "दक्षिण म्हणजे कुलाब्याकडचं ना रे? आपल्याला तिकडे कधी घातलं?"

जमेल तसं लिहिलंय. चुकलं असेल तर दुरुस्त करा, भर घाला.

---

मृण्मयी_के

आधी नुसता रुमाल टाकून जागा धरली होती, आता सगळं वाचलं. १९५२-५७ची जोडी अशी समोरासमोर ठेवून कधी बघितली नव्हती. एक प्रश्न. मत कुजवणं म्हणजे नक्की काय करायचं? दोन्ही मतं एकाच माणसाला देता यायची का?

---

लालबागकर७४

मृण्मयी, दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची असत. दोन्ही कागद एकाच्या पेटीत टाकले तर एकच मोजायचा. म्हणजे ज्याला फक्त आपल्या आवडत्या उमेदवाराला मत द्यायचं आहे आणि दुसऱ्या जागेवर कोणालाच मदत करायची नाही, तो दुसरा कागद तिथेच टाकून मोकळा व्हायचा. ते मत कुजलं. राखीव जागेवरच्या उमेदवाराला सवर्ण मतदारांच्या दुसऱ्या मताची गरज असायची, त्यामुळे कुजण्याचा फटका तिथेच जास्त बसायचा.

---

गिरगावकर

उत्तम धागा. पण आमच्या बाजूचं थोडं ऐका, नाहीतर असं वाटेल की दक्षिण मुंबई म्हणजे कायम शेठजींची.

१९५२, ५७ आणि ६२ अशी तीनदा स. का. पाटलांनी ही जागा घेतली. मुंबई काँग्रेसवर त्यांची केवढी पकड होती ते जुन्या लोकांना विचारा. केंद्रात मंत्री, पक्षाला पैसा उभा करून देणारा माणूस. त्यांना १९६७ला जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तिशीतल्या कामगार पुढाऱ्याने पाडलं. संयुक्त समाजवादी पक्षाची ताकद ती किती, पण टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरं, महापालिकेचे कामगार त्यांच्या मागे होते. म्हणजे कामगाराने खासदार ठरवण्याची गोष्ट फक्त भायखळ्याच्या पुलापलीकडची नव्हती. फरक एवढाच, की तुमच्याकडे गिरणीचा कामगार होता आणि आमच्याकडे गोदीचा, हॉटेलचा आणि रस्त्यावरचा.

१९७१ला इथे नवल टाटा अपक्ष उभे होते आणि पडले. पैशावर जागा मिळत असती तर तेव्हाच मिळाली असती. १९७७ आणि १९८०ला जनता पक्षाचे रतनसिंह राजदा. १९८०ला देशभर इंदिराजी परत आल्या तरी आमच्याकडे राजदाच. मग मुरली देवरा १९८४, ८९, ९१. १९९६ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, १९९८ला पुन्हा देवरा, १९९९ला पुन्हा जयवंतीबेन, २००४ला मुरलीभाईंचे चिरंजीव मिलिंद. चार निवडणुकांत चार वेळा जागा हातबदल झाली. 'देवरांचा बालेकिल्ला' म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

गिरगावातला मराठी माणूस १९९०नंतर बोरिवली-डोंबिवलीला गेला. आमच्या वाडीतल्या बत्तीस बिऱ्हाडांपैकी नऊ उरली आहेत. तुमची पोकळी पुनर्रचनेने झाली, आमची त्याआधीच झाली होती.

---

लालबागकर७४

गिरगावकर, मनापासून आभार. जॉर्जना मी धाग्यात घेतलं नाही ही माझी चूक. 'शेठजींची जागा' असं माझ्याही डोक्यात होतंच, ते काढून टाकतो.

---

चाळ_क्रमांक_अठ्ठावन्न

वरळी बीडीडीत जन्म. जानेवारी १९७४ तुम्ही गाळलात, ते गाळून चालणार नाही.

आर. डी. भंडारे बिहारचे राज्यपाल झाले म्हणून मध्य मुंबईची पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे रामराव आदिक उभे होते आणि शिवसेनेने त्यांना पाठिंबा दिला होता. कम्युनिस्ट पक्षाकडून डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. दलितांवर गावोगाव अत्याचार होत असताना मत कोणाला आणि कशाला द्यायचं, हा त्यांचा सवाल होता. ५ जानेवारीला वरळीत पँथरची सभा होती. तिथून दंगल पेटली आणि बीडीडीच्या चाळी कितीतरी दिवस धुमसत राहिल्या. १० जानेवारीला मोर्चात भागवत जाधव मारले गेले.

निकाल काय लागला? रोझाताई निवडून आल्या. काँग्रेसची हमखास समजली जाणारी जागा गेली.

माझी आई तेव्हा नवी नवरी. सांगायची, समोरासमोरच्या चाळींच्या गच्च्यांवर विटा आणि सोड्याच्या बाटल्या रचून ठेवल्या होत्या, आणि मधल्या नळावर दोन्ही चाळींच्या बायका पाणी भरायला यायच्या, घागर भरून एक शब्द न बोलता निघून जायच्या. आठवड्यापूर्वी त्या एकमेकींची पोरं सांभाळत होत्या. 'गिरणगाव एक होतं' असं जेव्हा कोणी लिहितं तेव्हा मला तो नळ आठवतो. १९५७ला ते एक होतं, तुमचं खरं आहे. १९७४ला नव्हतं.

मत न देण्यानेही निवडणूक फिरते, हे मुंबईने तेव्हा पाहिलं. मतदारसंघाच्या इतिहासात हे विजयी उमेदवाराच्या नावाइतकंच ठळक लिहायला हवं.

---

लालबागकर७४

दादा, बरोबर बोललात. १९७४ची चाळ मी आजीच्या नजरेतून लिहित होतो आणि तिने या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. त्यामुळे माझ्याकडूनही ते सुटलं. तुमचा प्रतिसाद धाग्याचा भाग म्हणूनच वाचावा, ही सगळ्यांना विनंती.

---

स्नेहल०९

+१. नळाचं वाचून काटा आला.

---

आकडेमोड

पुनर्रचनेबद्दल दोन गोष्टी. धाग्यात थेट म्हटलेलं नाही, पण गिरणगाव मुद्दाम तोडलं असा सूर वाचताना जाणवतो. मी त्याच्याशी सहमत नाही.

जुनी आखणी १९७१च्या जनगणनेवर होती. तेव्हा विधानसभेच्या शहरात १७ आणि उपनगरात १७ जागा. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३३ लाखांच्या घरात आणि उपनगरांची ८६ लाखांच्या. तरी आमदार दोन्हीकडे सारखेच! म्हणजे मालाड-कांदिवलीच्या मतदाराच्या मताची किंमत परळच्या मतदाराच्या निम्म्याहून कमी झाली होती. २००८ला शहराच्या जागा १७वरून १० झाल्या आणि उपनगरांच्या २६. यात अन्याय दूर झाला, नवा झाला नाही. आणि उपनगरात गेलेले ते लोक कोण? लालबाग-परळ-गिरगाव सोडून गेलेली कुटुंबंच त्यात मोठ्या संख्येने.

दुसरं म्हणजे नावांचं. नुसतं दक्षिण मध्यच सरकलं नाही, शहराचे आकसले म्हटल्यावर सगळेच मतदारसंघ एकेक घर वर सरकले. जुन्या उत्तर मध्यमध्ये धारावी, माहीम, दादर, माटुंगा आणि नायगाव होतं. विद्याधर गोखले, नारायण आठवले, रामदास आठवले आणि मनोहर जोशी यांची ही जागा. २००४ला लोकसभेचे अध्यक्ष असलेल्या जोशीसरांना तिथे एकनाथ गायकवाडांनी हरवलं. तेच गायकवाड आणि तीच धारावी २००९ला 'दक्षिण मध्य' झाले. सुनील दत्तांनंतर प्रिया दत्त २००५च्या पोटनिवडणुकीत 'उत्तर पश्चिम'मधून आल्या, २००९ला त्याच वांद्र्याच्या पट्ट्यातून 'उत्तर मध्य'च्या खासदार झाल्या. तेव्हा लालबागकरांचा मूळ मुद्दा पक्का आहे. सगळी मुंबईच पाटीपासून सुटी करून वाचायला हवी.

---

लालबागकर७४

आकडेमोड, सूर तसा लागला असेल तर तो माझा. कट होता असं मी म्हणत नाही. गणित बरोबरच आहे, माझा धाकटा भाऊ नालासोपाऱ्यात राहतो, त्याच्या मताची किंमत माझ्याइतकीच हवी.

पण गणित बरोबर असूनही काहीतरी जातं. पूर्वी लालबागच्या प्रश्नावर बोलल्याशिवाय कोणाला खासदार होता येत नव्हतं. गिरणीच्या जमिनी, कामगारांची घरं, चाळींची दुरुस्ती. त्याच प्रश्नांवर निवडणूक व्हायची. आता एकाच खासदाराला मलबार हिलच्या सोसायट्या, कुलाब्याची गर्दी, मुंबादेवीच्या मोडकळीला आलेल्या इमारती आणि आमची चाळ, सगळं सांभाळायचं असतं. आमची गोष्ट सहातली एक झाली. आणि हे नेमकं तेव्हा झालं जेव्हा गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहत होते आणि घरासाठी अर्ज केलेले कामगार सोडतीची वाट बघत होते. माझे वडील त्यांच्यातलेच. सोडत लागण्याआधी गेले.

---

मदनपुऱ्याची_शबाना

धागा खूप आवडला, पण एक मनापासूनची तक्रार आहे. गिरणगाव म्हटलं की सगळे लालबाग-परळवर थांबतात. जुन्या दक्षिण मध्यमध्ये नागपाडाही होतं, लालबागकरांनी स्वतःच वर लिहिलंय आणि मग पुढे त्याचं नाव घेतलं नाही.

मदनपुरा ही विणकरांचीच वस्ती. माझे पणजोबा हातमागावरून गिरणीत गेले, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात. आमच्या घरी संपाच्या दिवसांत दोन वेळची डाळ शेजारच्या कोकणी कुटुंबाने पोचवली आहे आणि आम्ही त्यांना. डॉक्टर सामंतांना १९८४ला आमच्या मोहल्ल्यातूनही मतं पडली होती. १९९८ला रावल्यांसमोर समाजवादी पक्षाचे सुहेल लोखंडवाला होते आणि रावले अगदी निसटते वाचले, ते कशाने? १९९२-९३च्या दंगलीनंतर हाच मतदारसंघ आतून दोन झाला होता. २००४ला अरुण गवळी उभे राहिले आणि नव्वद हजारांच्या वर मतं घेऊन गेले, म्हणजे तिसरी फूट. ही सगळी जमीन एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठायची, हे विसरू नका.

आणि आता २०२४ बघा. शिवसेनेचे दोन गट समोरासमोर, मशालीवर अरविंद सावंत आणि धनुष्यबाणावर यामिनी जाधव. पंजा मैदानातच नव्हता. सावंत ५२,६७३ मतांनी आले. मोठी आघाडी कुठून? भायखळा आणि मुंबादेवी. यामिनीताई तेव्हा भायखळ्याच्याच आमदार. मलबार हिल पूर्ण उलट्या बाजूला. वरळीत आघाडी जेमतेम साडेसहा हजारांची. आमच्या गल्लीत ज्या बायकांनी आयुष्यात कधी शिवसेनेच्या उमेदवाराला मत दिलं नव्हतं त्या भर उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या राहून मशालीला मत देऊन आल्या. माझी अम्मी त्यातली एक. बोटावरची शाई दाखवत ती म्हणाली, "तुझ्या अब्बांना हे कळलं असतं तर विश्वास बसला नसता."

---

गिरगावकर

शबानाताई, सुंदर लिहिलंत. २००९ची भर घालतो. त्या वर्षी मिलिंद देवरांना २,७२,४११ मतं होती. मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे, १,५९,७२९. रावले तिसरे, १ लाख ४६ हजारांच्या आसपास. दोन्ही सेनांची बेरीज देवरांपेक्षा जास्त होते. म्हणजे गिरणगाव जोडलं गेल्यावर पहिल्याच निवडणुकीत त्याचं मत दुभंगलेलं होतं, म्हणून दक्षिण मुंबईचा स्वभाव बदललाय हे कोणाच्या लक्षात आलं नाही. २०१४ला अरविंद सावंत १,२८,१४८ मतांनी आले, २०१९ला १,००,०६७नी. तेव्हा मोदी लाट होती हे खरंच, पण पायाखाली वरळी-शिवडीची जमीन होती. २०२४ला ती लाट सोबत नसतानाही ते टिकले.

देवरांनी जानेवारी २०२४मध्ये काँग्रेस सोडली आणि शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. मग त्याच वर्षी विधानसभेला उभे राहिले ते वरळीतून, आदित्य ठाकरेंसमोर. हरले. ज्या भागाचा मुरलीभाईंच्या काळातल्या दक्षिण मुंबईशी काही संबंध नव्हता, तिथे त्यांच्या मुलाला लढावं लागलं.

---

मृण्मयी_के

दोन सेना समोरासमोर आणि निर्णायक मतं मदनपुरा-डोंगरीची. १९५२-५७सारखीच उलथापालथ आहे ही. तेव्हा हत्ती आणि लाल बावटा एकत्र येतील असं १९५२ला कोणी म्हटलं असतं तर?

पुढच्या आखणीचं काय? २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर नवीन पुनर्रचना व्हायची आहे ना?

---

आकडेमोड

हो. तोवर जागांची संख्या गोठवलेली आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांतच शहराची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली होती. टॉवर वाढले, माणसं घटली. त्यामुळे शहराचा वाटा पुन्हा आक्रसेल असं मला वाटतं. एकूण जागा वाढल्या तर गणित वेगळं होईल.

---

लालबागकर७४

म्हणजे आमच्या खोलीची पाटी आणखी एकदा बदलणार.

एका गोष्टीचा खुलासा करतो, दोघांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून. मी आता बदलापूरला राहतो, पण नाव अजून लालबागच्या यादीत आहे. खोली आहे, वीजबिल येतं, महिन्यातून चार-सहा दिवस तिथे असतो. २० मे २०२४ला पहाटेच्या लोकलने करी रोडला उतरलो. महापालिकेच्या शाळेत केंद्र होतं, आजी ज्या वर्गात मत द्यायची त्याच्या शेजारचा वर्ग. रांग कासवासारखी, आत पंखा बंद. माझ्यापुढे विरारहून आलेले एक आजोबा होते, मागे कल्याणहून आलेल्या दोघी बहिणी. आम्ही चौघेही एकाच गल्लीत वाढलेलो आणि रांगेत उभे राहिल्यावरच एकमेकांना ओळखलं. आजोबा साचेखात्यातले निघाले. त्यांनी माझ्या वडिलांचं नाव ऐकल्यावर विचारलं, "बदलीवाला ना? उंच होता तो?"

माझी २०२४ची स्लिप मी त्याच पोथीत ठेवली आहे.

कोणाकडे १९७७च्या आधीच्या स्लिपा, प्रचारपत्रकं किंवा मतदार यादीची पानं असतील तर कृपया फोटो टाका. पत्ता आणि नाव झाकून टाकलंत तरी चालेल, मतदारसंघाचं नाव आणि चाळ दिसली पाहिजे. गल्लीवार नकाशा करायचा विचार आहे, प्रत्येक गल्ली कुठल्या वर्षी कुठल्या पाटीखाली होती असा.

---

चाळ_क्रमांक_अठ्ठावन्न

आमची चाळ पाडली तेव्हा आईची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्यात १९७१ची एक स्लिप आहे आणि त्याच घडीत १९७४च्या बहिष्काराचं पत्रक. पत्रकाचा खालचा कोपरा उंदराने खाल्लाय, पण मजकूर पूर्ण वाचता येतो. रविवारी मुलीकडून स्कॅन करून टाकतो.